वाघाच्या गळ्यात पट्टा आहे, मग शिकार होते कशी?

मागच्या अंकात शिवपुरीच्या माधव टायगर रिझर्ववर छोटा लेख दिला होता, 2023 मध्ये तिथे वाघ परत आणून सोडले आणि मार्च 2025 मध्ये टायगर रिझर्वचा दर्जा मिळाला, वगैरे. त्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न: दादा, आम्ही कुनोला जाऊन आलो. तिथे चित्त्यांना कॉलर, म्हणजे गळ्यात लोकेशन सांगणारे पट्टे घातलेत. मग सगळ्याच वाघ-बिबट्यांना का नाही घालत? शिकार बंदच होईल ना! (निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर)

सर, नमस्कार. कॉलर जनावर कुठे आहे ते सांगते, शिकारी कुठे आहे ते नाही सांगत, खरी गोम इथेच आहे. दर काही तासांनी सॅटेलाइटवरून लोकेशन येतं, आणि शिवाय एक रेडिओ सिग्नल असतो, तो पकडायला माणूस हातात अँटेना धरून जंगलात फिरतो, आवाज ज्या बाजूला मोठा येईल तिकडे चालत सुटायचं. लोकेशन बराच वेळ एकाच जागी दिसलं की स्टाफ बघायला जातो, पण तोवर कधी कधी व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि मशीन ते मशीनच. 2023 च्या जुलैत कुनोच्या निर्वा नावाच्या मादीची कॉलर बंद पडली, मग शंभरावर माणसं, ड्रोन, हत्ती, कुत्रा सगळं लावून तीन आठवडे शोधाशोध चालली, 13 ऑगस्टला सापडली एकदाची. एका चित्त्यापायी एवढं! आपल्या एमपीत 2022 च्या गणनेत वाघच 785 निघाले, बिबटे तर 3,907. प्रत्येकाला बेशुद्ध करायचं, पट्टा घालायचा, बॅटरी संपली की परत तेच, आणि बेशुद्ध करण्यात दर वेळी जिवाला थोडा धोका असतोच. त्याच पावसाळ्यात काही चित्त्यांच्या मानेवर पट्ट्याखाली जखमा होऊन त्यात किडे पडले होते, शेवटी पट्टे काढून उपचार करावे लागले. म्हणून कॉलर मोजक्याच जनावरांना, नवीन आणून सोडलेल्यांना किंवा अभ्यासासाठी.

प्रश्न: आमच्या कॉलेजमध्ये प्रोजेक्टसाठी एआयवाला अँटी-पोचिंग (शिकारी पकडून देणारा) कॅमेरा बनवायचं चाललंय. हे खरंच चालतं का की नुसती हवा? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, मुरार)

चालतं, पण कुठे अडतं ते आधी समजून घे. साधा कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेला डबा, समोरून गरम अंगाचं काही हललं की फोटो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लावतात, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, एकाच बाजूचा फोटो असला तर तोच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. 2018 च्या गणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लावले होते, जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यात वाघाचे 76,651, गिनीज बुकात नोंद झाली. पण ही झाली मोजणी. त्या डब्यातलं कार्ड कोणीतरी काही दिवसांनी जाऊन काढणार, मग कॉम्प्युटरवर बघणार, त्यात शिकाऱ्याचा फोटो निघाला तरी चोर पळाल्यावर सीसीटीव्ही बघितल्यासारखं.

म्हणून आता ट्रेलगार्ड नावाचे कॅमेरे आलेत, 2022 मध्ये आपल्याकडेच कान्हा-पेंचच्या कॉरिडॉरमध्ये, म्हणजे दोन्ही जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यात लावून बघितले. ह्यात कॅमेऱ्यातली चिपच ठरवते की समोर माणूस आहे की वाघ आहे की नुसतं हरीण, आणि कामाचा तेवढाच फोटो मोबाइल नेटवर्कवरून अर्ध्या मिनिटात ऑफिसरच्या फोनवर. मस्तच. पण फोटो रात्री दोनला आला, चौकीवर दोन जण, एक बाइक, मध्ये नाला भरलेला, मग पुढे काय? अर्ध्या मिनिटाचा अलर्ट आणि तीन तासांची वाट. आणि नेटवर्क नसेल त्या दरीत तर अलर्टही नाही.

मला विचारशील तर ह्याहून जास्त उपयोगाचं एक साधं ॲप आहे, एम-स्ट्राइप्स, 2010 मध्ये सुरू झालं, व्याघ्र प्राधिकरण आणि डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं. गार्ड गस्तीला निघाला की फोनमध्ये त्याची वाट नोंदली जाते, फास दिसला, पायाचा ठसा दिसला, तोडलेलं झाड दिसलं की तिथेच फोटो. महिन्याअखेर नकाशा उघडला की कोणत्या कोपऱ्यात कोणी पाऊलच टाकलेलं नाही ते उघडं पडतं. फास कोणीतरी चालत गेल्याशिवाय सापडत नाही रे, बाइकच्या क्लचची तार असते ती, गवतात हातभर अंतरावरूनही दिसत नाही.

प्रोजेक्टसाठी सांगू? नवीन ॲप नको. पान हललं, ऊन पडलं की जे फुकट फोटो निघतात आणि बॅटरी खातात ते कमी करून दाखवा. आणि माणसांचे फोटो कोण बघणार, किती दिवस ठेवणार, तेही लिहा. कॉर्बेटमध्ये काय झालं ते केम्ब्रिजच्या संशोधकांनी 2024 मध्ये मांडलंय, जंगलात लाकूडफाटा आणायला, शौचाला जाणाऱ्या बायकांचे फोटो कॅमेऱ्यात आले, एका बाईचा तर तसा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. त्यांची काय चूक?

प्रश्न: भाच्याने ड्रोन घेतलाय. सुट्टीच्या दिवशी माधवमध्ये गस्तीला मदत करू शकतो का? (थाटीपूर)

नाही. परवानगीशिवाय उडवला तर भाचाच पकडला जाईल, आणि पकडलाच पाहिजे, पक्षी घरटी सोडून पळतात. तसंही ड्रोनबद्दल लोकांच्या कल्पना फार आहेत. थर्मल कॅमेरा अंगाची उष्णता बघतो, पण दाट झाडीच्या खाली त्याला काही दिसत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडचे दगड दुपारी माणसाच्या अंगापेक्षा गरम असतात, मग माणूस कोणता आणि दगड कोणता! थंडीतल्या पहाटे उघड्या माळावर मात्र त्याचा चांगला उपयोग होतो.

प्रश्न: सफारीत वाघ दिसला की आम्ही लगेच ग्रुपवर लोकेशनसकट फोटो टाकतो. जाऊबाई म्हणतात टाकू नये. खरं का? (दौलतगंज)

ताई, जाऊबाई बरोबर सांगतायत, वाघाचं लोकेशन नको त्याच्या हाती पडू नये. 2013 मध्ये पन्ना टायगर रिझर्वच्या एका वाघाच्या कॉलरचं लोकेशन ज्या ईमेलवर यायचं तो उघडायचा प्रयत्न झाला होता, तोही आपल्या पुण्यातून, सर्व्हरने अडवला म्हणून निभावलं. आणि हा तोच पन्ना बरं का, जिथे 2009 पर्यंत एकही वाघ उरला नव्हता आणि बाहेरून आणून पुन्हा वसवावे लागले. फोटो टाका, चार दिवसांनी टाका, रस्त्याचं आणि पाणवठ्याचं नाव लिहू नका.

प्रश्न: एवढी यंत्रं असताना शिकार पकडायला कुत्रे कशाला? (नया बाजार)

अहो, आपल्या टेकनपूरला बीएसएफचं डॉग ट्रेनिंग सेंटर आहे ना, झांसी रोडवर, तिथे शिकून बरेच कुत्रे देशभरच्या जंगलात जातात. कातडं, हाडं बसमध्ये सामानाच्या तळाशी असली तरी हुंगून काढतात. हे काम कुठल्या कॅमेऱ्याला जमतं ते सांगा.

प्रश्न: शिवपुरीकडे आमची थोडी शेती आहे, बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिलीय. बटाईदार नीलगाय आणि डुकरांसाठी रात्री तारेत करंट सोडतो असं कळलं. काय करू? (जीवाजीगंज)

काका, आज रात्रीच बंद करायला लावा. शेजारच्या लाइनवर आकडा टाकायचा, उघडी तार खुंट्यांवरून गुडघ्याच्या उंचीने ओढायची, पहाटे गुंडाळून ठेवायची, ही पद्धत एमपीत वाघ मरायचं एक मोठं कारण आहे. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या सापडतो, मग घाबरून त्याला पुरून टाकतात, आणि पुढे ती शिकारीची केस होते, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 चं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेलं जनावर, 3 ते 7 वर्षं कैद. बटाईदाराबरोबर जमिनीच्या मालकालाही जबाब द्यावे लागतात. माणसंही मरतात ह्यात, तुमचा बटाईदार पहाटे लघवीला उठला तरी.

आणि लपत नाही हो. तारेला जनावर चिकटलं की फीडर ट्रिप होतो, म्हणजे ती लाइन आपोआप बंद पडते, वेळ सबस्टेशनच्या रजिस्टरमध्ये येते, तिथल्या माणसाने वनखात्याला फोन केला की कोणत्या लाइनखाली शोधायचं ते कळतं.

झटका मशीन घ्या, सोलरवालं. बॅटरीवर चालतं, साधारण सेकंदाला एक बारीक झटका, जनावर उडी मारून पळतं, मरत नाही. बाजारात घरगुती जुगाड करून विकणारेही आहेत, ते नको. तारेखालचं गवत कापत राहावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत जातो आणि बटाईदार म्हणेल मशीन बेकार.

पिकाच्या नुकसानीची भरपाई आपल्याकडे महसूल खातं देतं, म्हणजे अर्ज तहसीलमध्ये, वनखात्यात चकरा मारू नका. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढा, पटवारी (तलाठी) येईपर्यंत नीलगायी परत एकदा येऊन गेलेल्या असतात.