नेट चालू केलं की मशीन क्रॅश होतंय? आधी एवढंच करा

लगेच फॉरमॅट मारू नका. सुरुवातीला सगळे हीच चूक करतात. केबलवरही फार संशय नको. वाटेत बिघडलेली फ्रेम (नेटवरून येणारा डेटाचा एक तुकडा) ३२ बिटांच्या सीआरसी तपासणीत, म्हणजे डेटा बिघडलाय का हे पाहणाऱ्या गणितात, सापडते आणि नेटवर्क कार्ड ती तिथेच टाकून देतं. म्हणजे केबल खराब असली तर नेट रखडेल, मशीन सहसा पडणार नाही. खरा घोळ बहुतेकदा कार्डाच्या पुढे असतो, ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर रॅममध्ये.

- विंडोज क्रॅश झाल्यावर येणाऱ्या निळ्या (नव्या विंडोज ११ मध्ये काळ्या) स्क्रीनवर 'व्हॉट फेल्ड'पुढे फाइलचं नाव आलं, तर फोटो काढा.
- ड्रायव्हर अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा.
- डिव्हाइस मॅनेजरमध्येच कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये चेकसम ऑफलोड बंद करा. चेकसम ही सीआरसीहून वेगळी, पॅकेटमधल्या डेटाची तपासणी; ऑफलोड म्हणजे ती कार्डावर सोपवणं. बंद केल्यावर ही चेकसम तपासणी सिस्टीम स्वतः करते. नेट किंचित मंदावेल, चालतं.
- रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा. एक जरी एरर आली, तरी रॅम बदला.

एका वेळी एकच बदल! डंप फाइल (क्रॅशच्या वेळी विंडोज साठवतं ती नोंद) वाचणं सध्या राहू द्या.