चुंबकाला धरतील असे स्क्रू

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या न्हाणीघरात नळाच्या पाइपांपुढे सागवानी पट्ट्यांची चौकट आहे. तिच्यावर प्लायवूडचे झाकण बसवायचे असून, पाइप दुरुस्त करताना ते सहज काढता यावे म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चुंबक आणि चौकटीत स्क्रू अशी योजना केली आहे. गंज नको म्हणून सियागंजातून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणले, तर चुंबक त्यांना धरतच नाही. दुकानदार म्हणतात, ‘अस्सल स्टील चुंबकाला चिकटत नसतेच.’ मग न गंजणारे आणि तरीही चिकटणारे स्क्रू मिळणारच नाहीत का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : असे स्क्रू मिळतात. दुकानदारांनी आपणांस जे सांगितले ते स्टेनलेसच्या एका घराण्यापुरते खरे आहे. आपण आणलेले स्क्रू बहुधा 304 या दर्जाचे असावेत. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारा धातू आहे, पण पोलादात तो पुरेशा प्रमाणात मिसळला की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत चुंबकत्व उरत नाही. 316 या दर्जात निकेल याहूनही अधिक असल्यामुळे तो आपल्या कामाला आणखीच निरुपयोगी आहे.

दुसरे घराणे निकेलवाचून होणाऱ्या स्टेनलेसचे. 410 या दर्जात क्रोमियम साधारण 12 टक्के आणि 430 मध्ये 16 ते 18 टक्के असते, आणि दोन्ही चुंबकाला घट्ट धरतात. याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच सापडेल : स्टेनलेसच्या बऱ्याचशा सुऱ्या आणि इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्यांचे बूड चुंबकाला लावून पाहावे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये जे न गंजणारे पोलाद तयार केले, त्यातही क्रोमियम होते, निकेल नव्हते. म्हणजे तेही चुंबकाला चिकटणारेच होते. त्यामुळे चुंबक चिकटला म्हणून स्टील खोटे, हा बाजारात रुजलेला समज सोडून द्यावा. त्यापायी चांगला माल नाकारला जातो.

तेव्हा दुकानात ‘एस. एस.’ एवढेच न सांगता ‘410 चे लाकडाचे स्क्रू’ असे मागावे. लहान स्क्रूच्या डोक्यावर दर्जा सहसा कोरलेला नसतो, म्हणून खिशात एक छोटा चुंबक आणि एक साधा लोखंडी खिळा ठेवावा. परीक्षा करताना एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. 304 ची तार थंड असतानाच ठोकून स्क्रूचे डोके घडवतात आणि दाबून आटे पाडतात; त्या ताणाने त्या भागांत थोडे चुंबकत्व उत्पन्न होते. असा स्क्रू चुंबकाकडे किंचित ओढला जातो, आणि घाईत पाहणाऱ्याला तो चालण्याजोगा वाटतो. यासाठी स्क्रू डोक्याकडून चुंबकाला लावून उलटा लोंबकळू द्यावा, हात झटकावा आणि मग बोटांनी ओढून काढावा. खिळा काढताना जेवढा जोर लागतो, जवळपास तेवढाच स्क्रूलाही लागला, तर तो आपल्या कामाचा.

410 न मिळाल्यास जस्ताचा मुलामा दिलेले साधे पोलादी स्क्रू घ्यावेत. जस्त चुंबकाला चिकटत नाही, परंतु त्याचा थर काही मायक्रॉनांचाच असल्याने आतल्या पोलादाची ओढ कमी होत नाही. दमट जागी तो थर हळूहळू झिजतो. म्हणून डोक्यावर वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू चिकटतात खरे, पण न्हाणीघरात लवकर गंजतात, ते टाळावेत. पितळी स्क्रू बाद. पितळेचा नुसता मुलामा असलेले मात्र चिकटतात. एक इशारा या सर्वांनाच लागू आहे : बोरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढण्यासाठी फरशीवर ॲसिड ओतण्याची पद्धत अनेक घरांत आहे, त्याच्या वाफा जस्ताला आणि स्टेनलेसलाही खातात. झाकणाच्या आसपास ते वापरू नये.

दर्जाइतकेच महत्त्व डोक्याच्या आकाराला आहे, आणि याकडे फारच थोडे लोक पाहतात. चुंबकाची पकड दोन पृष्ठभाग किती जागेत एकमेकांना भिडतात यावर ठरते, आणि मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी ती लक्षणीय घटते. घुमटासारख्या गोल डोक्याला चुंबक एका बिंदूवरच टेकतो, म्हणून डोके वरून सपाट असावे. 8 नंबरच्या स्क्रूचे डोके सुमारे 8 मिलिमीटर रुंद असते आणि त्यातलाही मधला भाग पेचकसाच्या खाचेत जातो. 10 नंबरचा घेतल्यास जागा थोडी वाढते. 10 ते 12 मिलिमीटर व्यासाचा निओडिमियम चुंबक त्याला पुरे होईल. स्क्रूला चुंबकाची कोणतीही बाजू चालते, त्यामुळे उत्तर-दक्षिण जुळवण्याची कटकट नाही. हे चुंबक काचेसारखे ठिसूळ असतात आणि वरचा निकेलचा मुलामा टवकला की लवकर गंजतात. ते झाकणात खळगा करून एपॉक्सीने पक्के बसवावेत. घरात लहान मूल असेल तर या पक्केपणात कसूर नको, कारण सुटे झालेले दोन चुंबक गिळले गेल्यास आतड्याला गंभीर इजा होते.

झाकणाचे वजन चुंबकांवर टाकू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. विक्रेते सांगतात ती ताकद चुंबक सरळ समोर ओढला असतानाची असते. खाली घसरण्याला होणारा त्याचा विरोध तिच्या लहानशा अंशाएवढाच असतो. चौकटीच्या तळाला एक आडवी पट्टी ठोकून झाकण तिच्यावर टेकवावे, म्हणजे चुंबकांकडे फक्त ते पुढे पडू न देण्याचे काम राहील आणि चार कोपऱ्यांना चार स्क्रू पुरतील.

चुंबकांच्या जागा नेमक्या मिळण्यासाठी आधी चौकटीत स्क्रू बसवावेत, त्यांच्या डोक्यांना ओले कुंकू लावावे आणि झाकण तळाच्या पट्टीवर ठेवून दाबावे. जिथे ठसे उमटतील तिथेच खळगे पाडावेत. स्क्रू सुरुवातीला पूर्ण आवळू नयेत. झाकण एखाद्या कोपऱ्यात टाइलच्या पुढे आले किंवा आत गेले, तर तिथला स्क्रू अर्धा फेरा फिरवून पातळी जुळवता येते.