सांगलीजवळ, गर्दी नसलेलं, टेकडीवरचं समुद्रकाठचं गाव कुठलं? आणि तिथे करायचं काय?

पूर्णगड. रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथली टेकडी. कोल्हापुरात शिरू नका. शिराळा, कोकरूड करत मलकापूर गाठा आणि आंबा घाट उतरा.

पण ‘करायचं काय’ हे वाचलं आणि आमचे भावोजी आठवले. त्यांच्या मते कोकण म्हणजे गणपतीपुळे. दर्शन, उंटावरून फेरी, मोदक, झालं कोकण. दर दिवाळीला घरात हाच वाद.

वडिलांना घेऊन पूर्णगडला गेलो तेव्हा भावोजीही होते. घरांच्या मधून जाणाऱ्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, वर चढलो. वर पूर्णगडचा किल्ला. बाहेर मारुतीचं देऊळ, दरवाजावर चंद्र, सूर्य, गणपती कोरलेले. किल्ला एवढासा, की अर्ध्या तासात बघून होतो. "एवढ्यासाठी घाट उतरलो होय?" म्हणत भावोजी गाडीत जाऊन बसले.

वडील तटावरून उठेनात. उभा जन्म उसाला पाणी पाजण्यात गेलेला माणूस. खाली खाडीचं हिरवट पाणी आणि समुद्राचं निळं, मध्ये स्वच्छ रेघ. भरती चढू लागली तशी ती रेघ आत सरकत गेली आणि बाहेर थांबलेल्या होड्या एकामागून एक खाडीत आल्या. वडील म्हणाले, "म्हंजे हितं पाण्याची पाळी समुद्रच ठरवतोय." शेताला पाणी घ्यायच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूस हे म्हणत होता. नंतर कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

भावोजी अजून म्हणतात, गणपतीपुळ्याला नेलं असतं तर म्हातारा जास्त खूश झाला असता. अजिबात नाही. तिथल्या रेटारेटीत त्यांना पाण्याकडे धड बघताही आलं नसतं.

मुक्काम पावसला करा, स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शनही होईल. पूर्णगडच्या खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडीचा किनारा आणि सुरूचं बन. थंडीत तिथे कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री बॅटऱ्या आणि गाणी नकोत.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. घाटात दरडी कोसळतात, जांभ्याच्या पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात. तटावर सावली नाही, पाणी बरोबर ठेवा, ऊन कलल्यावर चढा. आणि घरातल्या थोरल्या माणसांना न्याच. त्यांना देवदर्शनापलीकडे काय कळतंय, असं घरातलं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.