जावक वही

"मॅडम, लिहायचं काही वाटत नाही. धाडायचं म्हणलं की पोटात गोळा येतो."

हे वाक्य थोड्याफार फरकानं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. शिक्षक, नर्स, एक निवृत्त तलाठी. या वेळी बोलणारा होता परभणी जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीवर मुनीम असलेला, चाळिशीकडं झुकलेला माणूस. (त्याच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आला होता तो माझ्याकडं समुपदेशनाला, झोप लागत नाही म्हणून. त्यानं लिहिलेल्या कथांचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला.

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. ड्राफ्टमध्ये अकरा ईमेल. प्रत्येकात पत्ता भरलेला, कथा जोडलेली, 'मा. संपादक, सप्रेम नमस्कार' टाईप केलेलं. सगळ्यात जुना अडीच वर्षांपूर्वीचा. रात्री दुकानाचा हिशोब जुळला की तो एक ड्राफ्ट उघडायचा, कुठलातरी एक 'तरी' काढायचा, उद्या पाठवू म्हणायचा आणि मोबाईल उशाखाली सारायचा. पाठवला नाही की हायसं वाटायचं. घातक असतं ते हेच हायसं वाटणं. टाळलं की लगेच सुटका होते, म्हणून पुढच्या वेळीही मन टाळायलाच सांगतं, आणि भीती खरी का खोटी हे तपासायची वेळच येत नाही.

खरं तर एकदा त्यानं पाठवली होती एक कथा, पुण्याच्या एका मासिकाला. उत्तर आलं नाही. साधं 'साभार परत'ही नाही.

इथं माझी चूक झाली. मी एक कथा वाचायला मागितली, आवडली, आणि तसं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात गडी दोन कथा घेऊन हजर! त्याला फुकटातली, हमखास वाहवा करणारी संपादक मिळाली होती आणि ड्राफ्ट अकराचे तेरा झाले होते. तेव्हापासून त्याचं काही वाचायचं नाही असं ठरवलं. थोडा नाराज झाला.

मग विचारलं, "छापली नाही तर काय होईल?"

"काही नाही."

"आणि छापली तर?"

बराच वेळ तो पेनाचं टोपण काढघाल करत बसला. "कथेतला म्हातारा माझा चुलता हाय. गावात पेपर येतो, मॅडम."

नकाराची भीती म्हणून जे आमच्यापुढं येतं, त्यात बरेचदा होकाराची भीती लपलेली असते. चुलत्याचा प्रश्न खराच होता. आम्ही बसून एकेक कथा चाळली, मी नुसती त्याच्या तोंडून ऐकली. कुठं म्हाताऱ्याचा धंदा बदलला, कुठं गाव, कुठं पोरांची संख्या. एक कथा मात्र चुलता आहे तोवर बाहेर काढायची नाही असं त्यानं ठरवलं. मी अडवलं नाही. न पाठवलेली प्रत्येक कथा भित्रेपणाची नसते.

दुसरी भीती भाषेची. मूळ वहीत होतं, 'काय करायलास रे बाप्पा, माय रडायली तिकडं.' ड्राफ्टमध्ये त्याचं झालं होतं, 'काय करत आहेस, आई तिकडे रडत आहे.' म्हातारा परिपत्रक वाचल्यासारखा बोलत होता. लोक हसतील म्हणून अडीच वर्षं तो स्वतःच्या माणसांची तोंडं धूत बसला होता. वरून 'मुनिमानं कथा लिहायच्या का' हेही होतंच. परभणीत ज्यांच्या नावाचं सभागृह आहे ते लेखक बी. रघुनाथ इथंच सरकारी खात्यात कारकुनी करत लिहीत होते, एवढं मी आठवण करून दिलं. त्यापुढं वाद घातला नाही.

मी ज्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनं (भीतीमागचे अविवेकी विचार तपासून बदलायची पद्धत) काम करते तिचे जनक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला ते महिनाभर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जायचे, बाकावर बसलेल्या बायकांशी बोलायचे. शंभरेक जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. (आज हा प्रयोग कुणी करू नये. बायकांना बागेत निवांत बसू द्यावं.) ऐकून मुनीम खो खो हसला. "शंभरात एक, तीबी आली नाही? मंग फायदा काय?"

"भीती गेली."

मग त्याच्याच धंद्यातली युक्ती काढली. आवक-जावक असते तशी, पण नुसती जावक वही. तारीख, कथा, कुठं पाठवली, उत्तर. महिन्याला दोन नोंदी. छापणं आपल्या हातात नाही, म्हणून त्याचा हिशोबच ठेवायचा नाही. पाठवली की त्या नोंदीपुरतं काम झालं. आधी जिल्ह्याच्या पेपरची रविवार पुरवणी, मग दिवाळी अंक, मग मासिकं. पुण्या-मुंबईच्या पलीकडं त्याला काही सुचतच नव्हतं. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक आपल्याच संभाजीनगरातून निघतं. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी द्यायची नाही, म्हणून चार-पाच कथा फिरत्या हव्यात. एकच असली की सगळा जीव तिच्यात अडकतो. तीन महिने वाट पाहायची, मग एक साधं विचारणारं पत्र. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यात गोळा होतं, तेव्हा मोंढाही थंड असतो. सोयाबीन यायला लागलं की त्याला श्वास घ्यायला सवड नाही.

पहिली कथा त्यानं माझ्यासमोर पाठवली. अंगठा स्क्रीनवर टेकवला आणि डोळे मिटून घेतले. "गेली का?" भीती दहापैकी किती, विचारलं. "नऊ." चहा मागवला. कप रिकामा होईस्तोवर पाचवर आली होती.

दीड महिन्यानं पहिलं 'साभार परत' आलं. चार दिवस त्यानं वही उघडली नाही. मी विचारलं, सोयाबीनमध्ये ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर शेतकरी काय करतो?

"वाळवून आणतो. नाही तर दुसऱ्या अडतीवर लावतो." मग मान वर करून म्हणाला, "पण मॅडम, तिथं मशीन लावून आकडा दाखवतेत. संपादक कुठं दाखवतेत?"

बरोबर होतं त्याचं, माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून नियम केला: दोन वेगळ्या संपादकांनी एकच खोट काढली तर कथा दुरुस्त करायची. नुसती परत आली तर त्याच दिवशी पुढं पाठवायची.

परवा त्याचा फोन आला. मागं हर्राशीचा गलका. "मॅडम, चुलत्याची नाही, ती दुसरी परत आली. लावली दुसरीकडं. ठिवतो, ट्रॅक्टर आलाय."