वाचकांचे प्रश्न : मानेवरचे मस

प्रश्न : वय ४६. गळ्याभोवती बारीक मस लोंबतायत. मंगळसूत्र अडकतं, ओढलं गेलं की रक्त येतं. मानही काळवंडलीय, घासूनही निघत नाही. शेजारच्या मावशी म्हणतात, घोड्याचा केस बांध, आठवड्यात गळून पडतात. बांधू का? घरात मुलांना लागण होईल का?
— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

ताई, बांधू नका. आणि लागणीची भीती आधी मनातून काढून टाका. डॉक्टर ज्याला स्किन टॅग म्हणतात तो हा मस. वरून नेहमीची कातडी, आत सैल तंतू आणि एखाद-दुसरी बारीक रक्तवाहिनी, बस्स. मान, काख, जांघ, स्तनांखालची घडी, पापणी, म्हणजे कातडी कातडीवर किंवा कपड्यावर घासते तिथे तो येतो. मुलांच्या हातापायांवर दिसते ती खरखरीत, कडक चामखीळ विषाणूची असते. ती पसरते, मस पसरत नाही.

आता केस बांधण्याचं. मसाच्या देठात रक्त आणणारी वाहिनी असते आणि परत नेणारीही. परत नेणारीची भिंत मऊ असते, त्यामुळे अर्धवट आवळलेल्या गाठीत तीच आधी दबते. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही. मस सुजतो, निळा पडतो, ठणकतो. त्यात सोलापूरचा घाम, गाठीत अडकलेली धूळ, आणि घोड्याचा केस काही निर्जंतुक नसतो. देठ रुंद असेल तर मस गळतही नाही, नुसता पिकतो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे हे काम एका बैठकीत होतं. जाताना मान साबणाने धुवा, तेल-पावडर लावू नका. बधिर करणारं मलम जाडसर लावून वरून प्लास्टिक चिकटवतात आणि ४५ मिनिटं ते तासभर ठेवतात. घाईने दहा मिनिटांत पुसलं तर दुखणारच, म्हणून तेवढा वेळ काढूनच जा. मग जागा जंतुनाशकाने पुसून मस चिमट्याने वर उचलतात आणि बारीक वाकड्या कात्रीने अगदी कातडीलगत कापतात. देठ उरला तर तिथे टोचरा खुंट राहतो. थेंबभर रक्त येतं, ते गॉज दाबून किंवा ॲल्युमिनियम क्लोराइडने थांबतं. मस ५ मिलिमीटरच्या वर किंवा रुंद बुडाचा असेल तर बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन कॉटरी (विजेच्या उष्णतेने जाळण्याचं यंत्र) किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींनी कापण्याचं यंत्र) वापरतात. तेव्हा स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत थांबावंच लागतं, नाहीतर पेट घेण्याचा धोका असतो.

उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवण्याचीही पद्धत आहे. पण त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीने सगळ्यात आधी मरतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो. मानेवरच्या बारीक मसांना कात्रीच बरी.

दुसऱ्या दिवसापासून साबणाने हलकं धुवा, टिपून कोरडं करा, दिवसातून दोनदा व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. खपली साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप पडते. नखाने उचकटली की काळा डाग पडलाच म्हणून समजा. मंगळसूत्र तेवढे दिवस काढून ठेवायचं नसेल तर लांब दोऱ्यात ओवून ब्लाउजवरून राहील असं घाला. घाई नसेल तर एप्रिल-मे टाळा, हिवाळ्यात करा. ऊन आणि घाम दोन्ही डागाला खतपाणी घालतात.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र मस नाही, ती काळी मान. ती घाण नव्हे, वजरीने घासू नका. कातडी जाड, मखमली लागत असेल तर बहुतेकदा शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नसतं. मग स्वादुपिंड ते जास्त सोडतं, आणि जास्तीचं इन्सुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं. मस आणि काळी मान दोन्ही त्यातूनच येतात. तेव्हा उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तपासा. साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. साखर १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ वा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू करायचे. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणायचा प्रयत्न करा (पुरुषांसाठी ९०). हे न करता नुसते मस काढले तर शेजारी नवे येत राहतील.

प्रश्न : काखेतल्या मसाला चुना आणि धुण्याचा सोडा लावला. आता तिथे काळी जखम झालीय.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

चुना आणि धुण्याचा सोडा ओला झाला की कॉस्टिक सोडा तयार होतो. आम्लाने भाजलं तर बहुधा वरची पापडी धरते आणि ते तिथेच थांबतं. कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली मात्र चरबी वितळवत खोल जात राहते. लावल्या लावल्या कोरडा चुना झटकून वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धरायचं असतं, लिंबू-व्हिनेगर अजिबात नाही. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, तेव्हा काळी पापडी ओढू नका, आज-उद्याच दाखवा. डॉक्टर मेलेली कातडी काढून ड्रेसिंग करतील. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या ५ वर्षांत घेतलं नसेल तर तेही विचारा. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, त्वचारोग विभागाकडे जा.

ऑनलाइन मिळणारे मस घालवायचे थेंबही त्याच रांगेतले. त्यांतल्या अनेकांत पायाच्या कुरूपाला लावतात ते सॅलिसिलिक ॲसिड असतं, काखेतल्या पातळ कातडीला ते झेपत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मसासाठी विनाचिठ्ठीच्या एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही.

प्रश्न : वडिलांच्या जांघेतला जुना मस एका रात्रीत काळा पडला, दुखतोय. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. गोळी बंद करून काढायचा का?
— एक वाचक, बार्शी

गोळी मनाने बंद करू नका. लहान मसासाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही. डॉक्टरांना फक्त आधी सांगा, म्हणजे ते कॉटरी तयार ठेवतील. एका रात्रीत काळा पडणं हे बहुधा देठाला पीळ बसून रक्त अडल्याचं लक्षण, पण दोन-चार दिवसांत दाखवाच. त्याउलट देठ नाही, चपटा आहे, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन-तीन छटांचे, महिन्यागणिक वाढतोय किंवा धक्का न लागता रक्त येतंय, असं असेल तर तो मस समजून कापायचा नाही. आधी तपासणी, आणि काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, गेलाच पाहिजे. ‘फेकून दिला’ हे उत्तर स्वीकारू नका.

प्रश्न : पापणीवरचा मस घरी काढता येईल?
— एक वाचक, पंढरपूर

नाही. नेत्रतज्ज्ञाकडेच.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे, मानेवर नवे मस आलेत.
— एक वाचक, जुळे सोलापूर

गरोदरपणात येतात, बाळाला काही धोका नाही. काही बाळंतपणानंतर बारीक होतात, म्हणून काढायची घाई करू नका. साखरेची तपासणी मात्र २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करून घ्या. मान काळवंडली असेल तर त्याची वाट न पाहता पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा.