वर्तुळात बसलेला पाडा

आरोग्याच्या आकड्यांचे ऑनलाइन नकाशे आता कुणालाही फुकटात उघडता येतात. ते वाचताना पडलेले प्रश्न खान्देशातल्या वाचकांनी कळवले आहेत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आकडे गोळा करण्यातच माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अक्राणी तालुक्यातले. पाड्यासाठी आरोग्य उपकेंद्र मागितलं तर बैठकीत संगणकावर नकाशा उघडून दाखवला. प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती पाच किलोमीटरचं गोल काढलं होतं आणि आमचा पाडा त्याच्या आत होता. ‘तुम्ही सेवेच्या टप्प्यात आहात’ म्हणाले आणि विषय संपला. आम्हाला तिथं पोचायला अर्धा दिवस जातो. नकाशा खोटा आहे का? आम्ही काय उत्तर द्यायचं?
(ग्रामपंचायत सदस्य, धडगाव परिसर)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून जीव तळमळला. जे गाव दवाखान्यापासून लांब पडलंय ते दिसावं म्हणून असे नकाशे असतात, आणि तुमच्या बाबतीत त्याच नकाशाने तुमचा पाडा झाकला.

त्या गोलातलं अंतर हवाई आहे. संगणकाला केंद्राची जागा दिली, पाच हा आकडा दिला, की तो चहूबाजूंनी सारखं अंतर धरून गोल मारतो. मधे दरी आहे, घाट आहे की नर्मदेचं पाणी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शिरपूर-चोपड्याच्या सपाटीवर असं गोल बरंचसं चालून जातं. शेतरस्त्याने पाचाचे सहा-सात होतील. तुमच्याकडे अस्तंब्याचा डोंगरच 1325 मीटर उंच. तिथं त्या गोलावरून निर्णय घेणं साफ चूक आहे.

तुम्ही असं करा. इस्रोचं ‘भुवन’ किंवा गूगल अर्थ उघडा. आधी पाडा ते केंद्र सरळ रेष मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा. मग त्याच दोन जागांमधली पायवाट वळणावळणाला टिचकी देत काढा. हे एकट्याने करू नका. त्या वाटेने नेहमी जाणारं माणूस शेजारी बसवा. उपग्रहाच्या चित्रात झाडीखालची वाट दिसत नाही. पण त्या माणसाला दोन टेकड्यांमधली खाच दिसली की तो पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागतो: इथून खाली उतरायचं, इथं नाला, इथं मोहाची दोन झाडं, मग पुन्हा चढ. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी उपग्रहाचं चित्र असं झरझर वाचलेलं मी पाहिलंय.

काढलेल्या वाटेचा चढउतार गूगल अर्थ आलेखात दाखवतं. तो चढ वेळेत कसा धरायचा याचा एक जुना ठोकताळा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 साली दिला आणि डोंगर चढणारे आजही तो वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा हवाई अंतर साडेचार किलोमीटर भरलं, पायवाट नऊ निघाली आणि वाटेत एकूण चढ 600 मीटर. तर धडधाकट माणसालाही पावणेतीन तासांच्या वर लागतात, आणि तेसुद्धा एका बाजूने. कळा सुरू झालेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून चौघं निघाले तर त्यात किती भर पडते हे तुम्हाला मी सांगायला नको. बैठकीत मात्र ते सांगावंच लागेल.

याहून भक्कम पुरावा चालून मिळतो. पाड्यातल्या एखाद्या पोराच्या फोनवर वाट नोंदवणारं ॲप टाका आणि त्याला घरापासून केंद्राच्या दारापर्यंत चालू द्या. फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, प्रत्येक वळण, सगळं फाइलमध्ये येतं आणि ती फाइल नकाशावर जशीच्या तशी बसवता येते. एकदा उन्हाळ्यात चाला, एकदा ऐन पावसाळ्यात. दोन्ही वाटा वेगळ्या रंगात दाखवा.

आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, चित्र कधीचं आहे. नर्मदेवरचं सरदार सरोवर 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत पहिल्यांदा भरलं ते सप्टेंबर 2019 मध्ये. त्याआधीच्या किंवा भर उन्हाळ्यातल्या चित्रात जी वाट कोरडी दिसते तिथं पावसाळ्यानंतर बोट लागत असेल. दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नकाशात गावाला बहुधा एकच ठिपका असतो आणि तो गावठाणावर असतो. सातपुड्यात गाव एका जागी नसतंच. पाडे डोंगरभर विखुरलेले, आणि जनगणनेत त्यांची माणसं महसुली गावाच्या आकड्यात मिसळलेली. त्यामुळे गोलात नक्की तुमचा पाडा बसला होता की तुमच्या गावाचा ठिपका, ते आधी विचारा. सगळे पाडे नावानिशी नकाशावर टाका, प्रत्येकाची घरं आणि माणसं आशाताईंच्या सर्वेक्षणातून घ्या.

मग अर्ज करा. निकष आहेतच: डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला उपकेंद्र आणि 20,000 ला प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर तेच 5,000 आणि 30,000. त्यासाठी अजून 2011 च्या जनगणनेचेच आकडे धरले जातात, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणून आजची माणसं किती हे सर्वेक्षणावरून दाखवा आणि सोबत चाललेल्या वाटेचा नकाशा जोडा. ग्रामसभेचा ठराव करून तो नकाशा ठरावालाच लावा, म्हणजे तो फाइलमधून वेगळा काढता येणार नाही.

प्रश्न : मी जळगावला समाजकार्य शिकते. प्रकल्पासाठी सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) नकाशा पाहिला. नंदुरबार जिल्हा गडद आणि आमचे चोपडा, यावल, रावेर तालुके जवळजवळ पांढरे. म्हणजे आमच्याकडे हा आजार नाही असं लिहू का?

उत्तर : अजिबात लिहू नकोस, बेटा. सातपुड्याचा पट्टा एकच आहे. पावरा, भिल्ल, तडवी वस्त्या जिल्ह्याच्या हद्दीशी थांबत नाहीत आणि सोयरीकही थांबत नाही.

अशा नकाशावर पांढऱ्या रंगाचे तीन अर्थ होऊ शकतात. तपासणी झाली आणि कुणी सापडलं नाही. तपासणीच झाली नाही. किंवा झाली, पण अहवाल वर पोचला नाही. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. रंगांची सूची उघड आणि ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यांना वेगळे रंग आहेत का ते बघ. नसतील तर त्या नकाशावरून आजार नाही असं म्हणताच येत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य त्यात ठेवलं होतं. जिथं शिबिरं आधी आणि जास्त झाली तिथं रुग्ण जास्त दिसणारच. म्हणून प्रत्येक तालुक्याचे तीन आकडे वेगवेगळे माग: किती जणांना तपासलं, वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेले) किती, रुग्ण किती. वाहक आणि रुग्ण एकत्र केलेला नकाशा तर बाजूलाच ठेव. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, पण आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. गावात जाऊन सांगायची गोष्ट ही आहे. आणि तपासणी फक्त आश्रमशाळांत झाली असेल तर टक्केवारीही आश्रमशाळेतल्या मुलांचीच धर, तालुक्याची नाही.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा भाग माता मृत्यूच्या नकाशावर मागच्या वर्षी पांढरा होता, या वर्षी एकदम गडद लाल झाला. एक मृत्यू झाला, हे खरं. पण आता आढावा बैठकीत सगळे आमच्याकडेच बघतात. मी गटप्रवर्तक आहे, आशांच्या कामावर देखरेख करते. यावर काय बोलावं?
(साक्री तालुका)

उत्तर : ताई, हिशोब मांडून दाखवा. माता मृत्यूचं प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे काढतात. समजा तुमच्या केंद्राच्या हद्दीत वर्षाला 400 जन्म होतात. एक मृत्यू झाला की प्रमाण 250, नाही झाला की शून्य. मधला आकडाच नाही. एवढ्या छोट्या भागाचा वर्षावर्षाचा रंग बघून काम सुधारलं की बिघडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. सलग पाच वर्षं एकत्र करा किंवा प्रमाण जिल्ह्याच्या पातळीवरच बघा.

पण ती बाई गेली हे नकाशाच्या रंगापेक्षा मोठं आहे आणि तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. घरातून निघायचा निर्णय कधी झाला, वाहन कधी मिळालं, दवाखान्यात पोचल्यावर उपचार कधी सुरू झाले, या तीन ठिकाणी उशीर कुठं झाला ते माता मृत्यू अन्वेषणात तास-मिनिटांसह लिहून घ्या. त्यातून पुढच्या बाईसाठी काही करता येतं. लाल रंगातून नुसतं बोट दाखवता येतं.

तुमच्या तालुक्यासाठी एक इशाराही देते. तुम्ही गुजरातच्या हद्दीवर आहात. दिवाळीनंतर कोयता घेऊन कितीतरी कुटुंबं तिकडे ऊसतोडीला जातात. गरोदरपणाची नोंद इथं आणि बाळंतपण तिकडच्या कुठल्यातरी दवाखान्यात, असं होतं. नवापूरची माणसं व्यारा-सुरतला जातात, रावेरची बऱ्हाणपूरला. आपला नकाशा मात्र राज्याच्या हद्दीवर कापलेला. मग नकाशाच्या ‘संस्थेतली (म्हणजे दवाखान्यातली) बाळंतपणं’ या थरात असे भाग फिके दिसतात आणि लोक दवाखान्यात जातच नाहीत असा समज होतो. उलटही घडतं: धडगावहून नंदुरबारला पाठवलेला रुग्ण दगावला की दवाखान्याच्या ठिकाणावरून केलेल्या नकाशावर तो मृत्यू नंदुरबार शहरावर चढतो. म्हणून आकडा राहत्या गावाचा आहे की दवाखान्याच्या ठिकाणाचा, हे पहिल्यांदा विचारायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा घोळ नाही, ते घरोघर जाऊन विचारतात. पाचवी फेरी 2019 ते 2021 ची आहे. पण तिचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात. नंदुरबारचा एकच रंग येतो, आणि शहाद्याची तापीकाठची केळी-उसाची गावं नि नर्मदाकाठचे पाडे त्या एका रंगात बुडून जातात.

प्रश्न : आमच्या गावातल्या गरोदर बाया आणि टीबीचे पेशंट मी ऑनलाइन नकाशावर खुणा करून ठेवले तर भेटी द्यायला सोपं जाईल का?
(आशा स्वयंसेविका)

उत्तर : नको, ताई. तुमचा हेतू चांगला आहे, पण दहा घरांच्या पाड्यावर ठिपका ठेवला म्हणजे नाव लिहिल्यासारखंच आहे. असे बरेच नकाशे दुवा हाती असलेल्या कुणालाही उघडता येतात. टीबीचं नाव फुटलं म्हणून मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, हे आपण बघतोच. माणसांची नोंद तुमच्या रजिस्टरमध्ये आणि सरकारी पोर्टलवरच राहू द्या. ऑनलाइन नकाशावर हातपंप टाका, अंगणवाडी, रुग्णवाहिका येऊन थांबते ती जागा, पावसाळ्यात बंद पडणारा फरशी पूल टाका. रात्री दोन वाजता 108 च्या चालकाला या खुणांचा खरा उपयोग होतो.

प्रश्न : ताई, आमनं गाव नकाशामा दिसत नही. यादीत आहे, नकाशात नाही. असं का?
(अमळनेर तालुका)

उत्तर : नाना, नावं जुळली नसतील. आकड्यांची यादी आणि नकाशा ही दोन वेगळी दप्तरं असतात आणि नावावरून जोडली तर घोळ होतो. एकीकडे अक्राणी, दुसरीकडे धडगाव. जुन्या यादीत एदलाबाद, नव्या नकाशात मुक्ताईनगर. संगणक ते वेगळे तालुके धरतो आणि अख्खा तालुका कोरा सोडतो. गावांचं तर विचारूच नका: खुर्द, बुद्रुक आणि आपल्याकडचं ते ‘प्र.’ म्हणजे प्रगणे. कुणी लिहितं, कुणी गाळतं. म्हणून जोडणी नावाने न करता जनगणनेच्या सहा आकडी गावकोडाने करा. कोड ग्रामपंचायतीत मिळेल.

कोड बरोबर असूनही गाव दिसलं नाही तर अक्षांश-रेखांश बघा. खान्देश साधारण 20 ते 22 अक्षांश आणि 73 ते 76 रेखांशात येतो. आकडे उलटे भरले गेले असतील तर तुमचं गाव नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडलेलं असेल. नकाशा पूर्ण लहान करून बघा, सापडेल. मग ज्या कार्यालयाने तो नकाशा टाकलाय त्यांना गावकोड, चुकीचे आकडे आणि बरोबर आकडे असं तिन्ही एकाच अर्जात लेखी कळवा आणि पोच घ्या.