कार्लाइलचा १९१२ चा हंगाम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतल्या जुन्या कॉलेज फुटबॉलवर या सदरात लिहायला लागल्यापासून सर्वाधिक पत्रे एकाच हंगामाबद्दल येतात. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलचा (इंडियन म्हणजे भारतीय नव्हे, अमेरिकेतले मूळनिवासी) १९१२ चा संघ, त्याचा खेळाडू जिम थॉर्प आणि प्रशिक्षक पॉप वॉर्नर. निम्म्या पत्रांत चुकाही त्याच, आणि त्याच क्रमाने. मोबाइलवर फिरणारी कुठलीशी दीड मिनिटाची चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली दिसते. म्हणून आज एकगठ्ठा उत्तरे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापुरात खेळतात तोच ना?

नाही. यात चेंडू लांबट असतो आणि हातात घेऊन पळायचा असतो. तो समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन.

कार्लाइल त्या वर्षी अजिंक्य होते, हे खरे का?

खोटे. १४ सामन्यांत १२ विजय, एक पराभव, एक बरोबरी. पराभव पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून, ३४-२६. बरोबरी वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजशी, ०-०. एकूण ५०४ गुण केले, ११४ दिले. हे आकडेच एवढे मोठे आहेत, त्यांना फोडणी कशाला? टोरंटोविरुद्धचा ४९-१ हा निकाल छपाईची चूक समजून एकाने कळवला आहे. चूक नाही. त्या सामन्याचा काही भाग कॅनडाच्या नियमांनी खेळला गेला आणि त्या नियमांत एकच गुणही मिळू शकतो.

मग राष्ट्रीय विजेतेपद कार्लाइलला का दिले नाही?

तेव्हा तशी अधिकृत स्पर्धाच नव्हती. त्या वर्षीचे विजेते म्हणून हार्वर्ड आणि पेन स्टेट यांची जी नावे वाचता, ती फार नंतर मागे वळून केलेली निवड आहे.

एमएच्या प्रबंधासाठी विचारतो. थॉर्पचे टचडाउन २५ की २७? दोन पुस्तकांत दोन आकडे आहेत.

२५ टचडाउन आणि १९८ गुण हा जुना, सर्वत्र छापला गेलेला हिशेब. नंतर जुनी वृत्तपत्रे पुन्हा तपासून २७ टचडाउन आणि २२४ गुण असाही हिशेब मांडला गेला. त्या काळी सगळ्या सामन्यांची नोंद एकसारखी ठेवली जात नसे. दोन्ही आकडे द्या आणि कोणता कुठून घेतला ते सांगा. आणखी एक. १९११ आणि १९१२ ची गुणसंख्या शेजारी ठेवून तुलना करू नका. १९१२ पासून टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले, दहा यार्ड सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले आणि मैदान १०० यार्डांचे झाले. तक्ता करण्याआधी मार्गदर्शकांना भेटा. सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आत्ताच.

थॉर्पने आयझेनहॉवरचा गुडघा मोडला, हे मी मुलाला सांगितले. तोही फुटबॉल खेळतो आणि त्याचाही गुडघा पंधरा दिवस सुजलेला आहे.

थॉर्पने मोडला नाही. ९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत कार्लाइलने तिथल्या आर्मी संघाला २७-६ ने हरवले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर त्या सामन्यात आर्मीकडून होते, थॉर्पला अडवायला धावलेही होते. पण गुडघा दुखावला तो पुढच्या आठवड्यात, टफ्ट्स कॉलेजविरुद्ध. मग घोडेस्वारीच्या कवायतीत तोच गुडघा पुरता गेला आणि त्यांचा फुटबॉल संपला. दुखरा गुडघा घेऊन घोड्यावर चढणे, एवढाच भाग तुमच्या कामाचा. मी इतिहासाचा माणूस आहे, डॉक्टर नाही. पंधरा दिवस सूज असताना तुम्ही मला पत्र कसले लिहिता? उद्या सकाळी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, तोवर मैदान बंद.

छोट्या कॉलेजातल्या मुलांनी बड्या विद्यापीठांना लोळवले, अशी ही प्रेरणादायी गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगायची आहे. थोडक्यात द्याल का?

थोडक्यात देणार नाही. याच प्रश्नाला मी घाबरून असतो.

पहिले म्हणजे ते कॉलेज नव्हते. रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुन्या छावणीत काढलेली ती सरकारी निवासी शाळा होती. मूळनिवासी जमातींची मुले घरापासून शेकडो मैल दूर आणायची, केस कापायचे, नावे बदलायची, स्वतःची भाषा बोलू द्यायची नाही. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, हे प्रॅट यांनी जाहीर भाषणात सांगितले होते. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. शिवाय गोऱ्या कुटुंबांच्या शेतावर आणि घरी कामाला पाठवणे वेगळेच. शाळेच्या दफनभूमीत सुमारे १८० मुले पुरली गेली. २०१७ पासून अमेरिकी लष्कर त्यांतल्या काहींचे अवशेष त्यांच्या लोकांकडे परत देत आहे.

आता फुटबॉल. मोठे सामने जवळजवळ सगळे परगावी, कारण तिकिटांचा पैसा मोठ्या शहरांत होता. त्या ऑक्टोबरमध्ये शनिवारी वॉशिंग्टनला जॉर्जटाऊनशी खेळून हा संघ सोमवारी टोरंटोत उभा होता. पैसा खेळ-निधीत जाई आणि त्या निधीवर पकड वॉर्नर यांची. अखेर मुलेच बोलली. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर चाली चालवणारा खेळाडू, गस वेल्च याने विद्यार्थ्यांच्या सह्यांचा, चौकशी मागणारा अर्ज वर सरकारकडे पाठवला आणि १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने चौकशी केली. निधीचा हिशेब निघाला, वॉर्नर यांच्या शिवीगाळीबद्दल साक्षी झाल्या. शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांची नोकरी गेली. वॉर्नर पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात गेले आणि तिथेही नाव कमावले. शाळा १९१८ मध्ये बंद झाली.

वेल्चचा तो अर्ज माझ्या मते आर्मीवरच्या विजयापेक्षा मोठा डाव होता, पण त्याची चित्रफीत कोणी काढत नाही. गोष्ट जरूर सांगा, हे सगळे धरून सांगा. आधी डिकिन्सन कॉलेजने संगणकावर खुली केलेली शाळेची कागदपत्रे चाळा, या जमातींच्या लोकांनी स्वतः लिहिलेले वाचा आणि तुमच्या इतिहासाच्या शिक्षकांना मसुदा दाखवा.

थॉर्पने फसवणूक केली म्हणून ऑलिंपिक पदके काढून घेतली ना?

१९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्याने थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, हे खरे, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा ऑलिंपिक बंद होते. पण थॉर्पने पदके जिंकली त्या १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या नियमांनुसार हरकत ३० दिवसांत घ्यायची होती. ती निघाली जानेवारी १९१३ मध्ये, सुमारे सहा महिन्यांनी. नियम मोडला कोणी? थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदके १९८२ च्या निर्णयाने परत, तीही सहविजेता म्हणून. एकट्याचे विजेतेपद २०२२ मध्ये. दिरंगाईला सीमा असते म्हणतात.

थॉर्पची सही असलेला १९१२ चा 'मूळ' फोटो ऑनलाइन मिळतो आहे. सोबत प्रमाणपत्र आहे. आज रात्रीपर्यंत सवलत. घेऊ का?

नको. प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच दिले असेल तर ते पावतीहून जास्त काही नाही. शिवाय जुन्या फोटोची नवी प्रत काढून तिला चहाच्या पाण्याचा पिवळेपणा आणणे ही फार जुनी विद्या आहे. ज्याला तुमच्या खरेदीतून एक पैसाही मिळणार नाही, अशा हस्ताक्षरतज्ज्ञाला आधी दाखवा. रात्रीपर्यंत तो मिळणार नाही? मग सवलत जाऊ द्या.

मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला चाललो आहोत. शाळा पाहता येईल का?

ती जागा आजही लष्करी तळ आहे. तिथे आर्मी वॉर कॉलेज चालते. फाटकावर जाऊन हुज्जत घालू नका. प्रवेशाचे नियम निघण्याआधी तळाकडून लेखी विचारून घ्या, कारण ते बदलतात. परवानगी नाही मिळाली तर गावातच कंबरलँड काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीत शाळेचे फोटो आणि वस्तू आहेत. मात्र तिथलीही वेळ आधी विचारा.